घोड्यासाठी घरच्या घरी अडथळ्यांचा मार्ग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घोड्यावर न बसता, दोर हाती धरून त्याला वासे, पूल, ताडपत्री, पडदे अशा गोष्टींमधून नेण्याचे प्रशिक्षण घरच्या सामानावरही उत्तम होते. या कामाबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले जातात, ते येथे साध्यापासून अवघडाकडे अशा क्रमाने घेतले आहेत. एका उत्तरातील मजकूर दुसऱ्यात पुन्हा येऊ नये म्हणून जागोजागी संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अडथळ्यांचा मार्ग कशासाठी? घोड्याने ताडपत्री ओलांडली तर मला त्याचा काय उपयोग?

ताडपत्री ओलांडण्याला स्वतःचे असे काहीच मोल नाही. घोडा हा धोका दिसताच पळणारा प्राणी आहे, आणि अनोळखी वस्तूसमोर पळण्याऐवजी थांबून माणसाकडे विचारणा करण्याची सवय त्याला लागावी, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप असतो. ही सवय लागलेला घोडा वाहनात चढताना, नालबंदापुढे उभा राहताना किंवा वाऱ्याने उडालेल्या पिशवीसमोरही स्वतःला सावरतो. शिवाय वाशांवरून पाय उचलून चालल्याने त्याला आपल्या पायांचे भान येते आणि पाठीचे व पोटाचे स्नायू कामाला लागतात. म्हणून ‘अडथळा पार झाला का’ असे विचारण्यापेक्षा ‘अडथळ्याच्या मधोमध, दोर सैल असताना, घोडा शांत उभा राहू शकतो का’ असे विचारावे. पुढील बहुतेक उत्तरांत हीच कसोटी वापरली आहे.

२. माझा घोडा दोरावरही नीट चालत नाही, मध्येच मला ढकलतो. तरी अडथळे सुरू करू का?

नाही. मोकळ्या, सपाट जागेत चार गोष्टी आधी पक्क्या व्हाव्यात : सैल दोरावर शेजारून चालणे, तुम्ही थांबताच थांबणे, इशाऱ्यावर चार पावले मागे जाणे आणि पुठ्ठे (मागच्या पायांवरचा मांसल भाग) किंवा खांदा बाजूला सरकवणे. यांतली मागे जाण्याची सवय सर्वांत महत्त्वाची आहे, कारण अरुंद जागेत बुजलेला घोडा तुमच्या अंगावर येऊ लागला, तर तीच तुम्हाला वाचवते. जो घोडा रिकाम्या मैदानात तुमची जागा मानत नाही, तो पुलावर ती मानेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

३. जागा किती लागते आणि जमीन कशी असावी?

२० मीटर रुंद आणि ४० मीटर लांब जागा मिळाली तर सहा-सात अडथळे ऐसपैस मांडता येतात, पण याच्या चौथाई जागेतही तीन अडथळ्यांचे उत्तम काम होते. दोन अडथळ्यांमध्ये निदान ६ ते ८ मीटर मोकळी जागा ठेवावी. एका अडथळ्यातून उसळून बाहेर पडलेला घोडा थेट दुसऱ्यात शिरू नये, हे त्यामागचे कारण आहे. अडथळा आणि कुंपण यांच्यातही घोडा आणि माणूस दोघे सहज मावतील एवढी जागा असावी, कारण माणूस कुंपणाशी चेपला जाण्याचे प्रसंग येथेच घडतात.

जमीन सपाट, पाण्याचा निचरा होणारी आणि थोडी दबणारी असावी. ओल्या चिकट मातीवर पाय घसरतात, तर फार खोल वाळूत पायांच्या कंडरांवर (टेंडनवर) ताण येतो. कुंपण काटेरी तारेचे असेल, तर ही जागा या कामासाठी वापरू नये.

४. घरात पडलेले कोणते सामान चालते आणि कोणते चालत नाही?

सामान निवडताना घोडा शहाण्यासारखा वागला तर काय होईल हे पाहू नये. तो घाबरून चुकीच्या जागी, पूर्ण ताकदीने पाय टाकेल तेव्हा त्या वस्तूचे काय होईल, हे पाहावे. वस्तू मोडली तर तिला धार येते का? त्यात खूर अडकेल अशी फट किंवा फास आहे का? ती घोड्याच्या पायाला लागून त्याच्याबरोबर ओढली जाईल का? या तिन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेल, तरच ती वस्तू मैदानात आणावी.

या कसोटीवर जाड लाकडी वासे, वाहतुकीचे मऊ प्लास्टिकचे शंकू, फोमच्या नळ्या, भरीव लाकडी ठोकळे, जुन्या चादरी आणि रबरी चटया उतरतात. पातळ पीव्हीसी नळ्या मात्र उन्हाने ठिसूळ होऊन सुरीसारख्या फुटतात, आणि बांबू दबला की त्याच्या लांब चिरफळ्या निघतात. मालवाहतुकीची लाकडी पॅलेट पुलासाठी फार लोकप्रिय आहेत, पण त्यांच्या पट्ट्यांमधली फट नेमकी खूर अडकण्याच्या मापाची असते. त्यावर जाड फळ्या पूर्ण बसवल्याशिवाय ती वापरू नयेत. लोखंडी खांबांची उघडी टोके, तारा, काच आणि कडा गंजलेले पत्रे यांबद्दल वेगळे सांगायला नको. घोडे लाकूड कुरतडतात, त्यामुळे जुना शिशाचा रंग किंवा विषारी रसायन लावलेले लाकूडही वगळावे. टायरचा विचार प्रश्न १८ मध्ये केला आहे.

५. मी स्वतः काय घालावे आणि दोर कसा धरावा?

हेल्मेट, हातमोजे आणि पुढचा भाग टणक असलेले बंद बूट घालावेत. घोड्यावर बसायचे नाही म्हणून हेल्मेट नको, हा समज चुकीचा आहे, कारण उसळलेल्या घोड्याचे डोके आणि खूर जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर सहज येतात. दोर ३.५ ते ४ मीटर लांब असावा. उरलेला दोर हाताभोवती गुंडाळू नये किंवा त्याची वेटोळी बोटांत अडकवू नयेत. नागमोडी घडी करून ती तळहातात धरावी, म्हणजे वेळ आल्यास ती आपोआप सुटते. लगामाऐवजी नीट बसलेली मोरकी वापरावी, कारण तोंडातल्या लोखंडाला बसलेला एकच हिसका आठवडाभराचे काम बिघडवू शकतो. घोड्याला कोणत्याही अडथळ्याला बांधून ठेवू नये.

६. सुरुवात कोणत्या अडथळ्यांनी करावी?

जमिनीवर ठेवलेला एक वासा, दोन शंकूंमधली वाट, आणि दोन समांतर वाशांची गल्ली. एवढ्यावर पहिले दोन आठवडे सहज जातात. गल्ली सुरुवातीला १.५ मीटर रुंद ठेवावी. घोडा तिच्यात शिरून मधोमध थांबला आणि डोके खाली सोडून उभा राहिला, की पुढच्या अडथळ्याची वेळ आली. नवशिक्यांना हे कंटाळवाणे वाटते हे मला ठाऊक आहे, पण पुलावर जे बिघडते त्याचे मूळ बहुधा या गल्लीतच सापडते.

७. वाशांमध्ये अंतर किती ठेवावे?

मध्यम उंचीच्या घोड्यासाठी पावलांच्या चालीला ७५ ते ९० सेंटिमीटर आणि दुडकीला १.२ ते १.४ मीटर हे ठोकताळे चालतात. लहान चणीच्या घोड्यांना यापेक्षा कमी अंतर लागते. मात्र ठोकताळ्यापेक्षा मोजमाप बरे. मैदानाचा एक पट्टा दाताळ्याने सारखा करून घोड्याला त्यावरून नेहमीच्या गतीने चालवावे आणि एका पुढच्या पायाच्या ठशापासून दुसऱ्या पुढच्या पायाच्या ठशापर्यंतचे अंतर चालण्याच्या दिशेत मोजावे. पुढच्या ठशावर मागच्या पायाचा ठसा पडून गोंधळ होतो, म्हणून सात-आठ ठसे मोजून त्यांची सरासरी घ्यावी.

वासे ८ ते १० सेंटिमीटर जाड आणि सुमारे ३ मीटर लांब असावेत. गोल वाशावर खूर पडला की वासा फिरतो आणि घोड्याचा पाय मुरगळतो. म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना खाचा पाडलेले ठोकळे लावावेत, किंवा वाशाची खालची बाजू तासून सपाट करावी. चौकोनी वासा फिरत नाही, पण त्याच्या कडा गोलसर घासून घेतल्याखेरीज तो वापरू नये. घोडा वाशांना वारंवार खूर लावत असेल, तर त्याला दोष देण्याआधी अंतर पुन्हा मोजावे. अंतर बरोबर असूनही एकाच पायाचा खूर लागत राहिला, तर तो पाय पशुवैद्यकाला दाखवावा.

८. पूल घरी कसा बांधावा? तो मोडणार नाही याची खात्री कशी करावी?

उभ्या घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. म्हणजे ४५० किलोच्या घोड्याच्या एका पुढच्या खुराखाली, तो स्वस्थ उभा असतानाही, सुमारे १३५ किलो वजन एवढ्याशा जागेत एकवटते. चालताना ते वाढते, आणि बुजून खूर आदळला तर कितीतरी पट होते. ‘आम्ही चार जण उभे राहिलो, तरी मोडला नाही’ ही चाचणी म्हणूनच पुरेशी नाही.

सर्वांत सुरक्षित घरगुती पूल पोकळीवरून जातच नाही, तो जमिनीवर टेकलेला लाकडी चौथरा असतो. २४० सेंटिमीटर लांब आणि १२० सेंटिमीटर रुंद माप सोयीचे पडते. १० सेंटिमीटर जाडीचे पाच चौकोनी वासे लांबीच्या दिशेने, एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत साधारण २७-२८ सेंटिमीटर अंतराने, पूर्ण लांबीभर जमिनीला टेकतील असे ठेवावेत. त्यांवर आडव्या ५ सेंटिमीटर जाडीच्या फळ्या फट न ठेवता बसवाव्यात. प्लायवूडच वापरायचे असेल, तर १८ मिलिमीटरचे दोन थर एकमेकांवर घ्यावेत. एकच पातळ थर दबतो, आणि पायाखालची दबणारी जमीन घोड्याला मुळीच सहन होत नाही. खिळ्यांऐवजी स्क्रू वापरावेत आणि त्यांची डोकी लाकडाच्या पृष्ठभागाखाली बसवावीत.

दोन गोष्टी हमखास राहून जातात. एक, फळ्या खालच्या वाशांच्या बाहेर आल्या, तर टोकावर खूर पडताच पूल उचलला जातो. म्हणून फळी आणि वासा यांची कड एका रेषेत ठेवावी. दोन, पुलाच्या कडेखालची पोकळी आडव्या फळीने बंद करावी, नाहीतर कडेवरून घसरलेला खूर आत शिरतो.

पृष्ठभाग ओला झाला की लाकूड काचेसारखे निसरडे होते. त्यावर खरबरीत रबरी चटई पूर्ण चिकटवावी किंवा ओल्या रंगावर वाळू पसरून तो वाळू द्यावा. माझ्या पहिल्या पुलाला घोडा वर पाय ठेवताच ढोलासारखा आवाज येई आणि तो लगेच मागे उडी घेई. खालच्या पोकळीत वाळू भरल्यावर आवाज बसला आणि घोडाही. पुढे आवाजाची सवय करायची तेव्हा वाळू थोडीथोडी काढता येते.

९. घोडा ताडपत्रीवर पायच ठेवत नाही. काय करावे?

आधी ताडपत्री घोड्याला कशी दिसते ते समजून घ्यावे. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने घोड्याला जवळजवळ सभोवार दिसते, पण कपाळासमोरची आणि नाकाखालची थोडी जागा दिसत नाही. पाय ठेवायच्या ऐन क्षणी ती जागा त्याच्या नजरेआड जाते. त्यामुळे लांबून डोके खाली-वर करून, वास घेऊन, हुंगून तो आधीच अंदाज बांधतो. अशा वेळी दोर आखडून धरला तर त्याची पाहण्याची सोयच काढून घेतली जाते. दोर लांब सोडावा आणि त्याला डोके जमिनीपर्यंत नेऊ द्यावे.

ताडपत्रीची प्रथम घडी घालून हातभर रुंदीची पट्टी करावी. घोडा ती वाशासारखी ओलांडू लागला, की एकेक घडी उलगडावी. काहींना दोन ताडपत्र्या गल्लीसारख्या समांतर ठेवून मधली जागा हळूहळू कमी करणे सोपे जाते. कडा वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्या मातीत पुराव्यात किंवा वाळूच्या लांबट पिशव्यांनी दाबाव्यात. दगड ठेवू नयेत. ताडपत्रीच्या कोपऱ्यांतील धातूची कडी कापून टाकावी, कारण नालेची टाच त्यात अडकली की ताडपत्री घोड्याच्या मागे येते, आणि मग काय होते ते प्रश्न २२ मध्ये आहे. घोडा मुळातच पुढे येईनासा झाला असेल, तर प्रश्न १२ पाहावा.

१०. लोंबत्या पट्ट्यांचा पडदा कसा करावा?

चौकट निदान २.७ मीटर उंच आणि १.८ मीटर रुंद असावी, आणि तिचे पाय रुंद व जड असावेत. पट्ट्या कापडाच्या किंवा फोमच्या नळ्यांच्या असाव्यात. दोऱ्या वापरू नयेत, त्यांचा फास होतो. प्रत्येक पट्टी कपड्यांच्या चिमट्याने किंवा वेल्क्रोने लावावी, म्हणजे ओढ बसताच ती सुटून येईल. सुरुवातीला पट्ट्या दोन्ही बाजूंना बांधून मधोमध पूर्ण वाट मोकळी ठेवावी आणि नंतर दोन्ही कडांकडून एकेक पट्टी सोडावी. पट्टी प्रथम मानेला, मग पाठीला आणि शेवटी पुठ्ठ्यांना लागते. बहुतेक घोडे या तिसऱ्या स्पर्शाने दचकून पुढे उसळतात, म्हणून पडद्यापलीकडे ८-१० मीटर वाट मोकळी हवी. सोसाट्याच्या वाऱ्यात पडदा काढून ठेवावा.

११. अडथळ्यांना कोणता रंग द्यावा?

पांढरा, पिवळा किंवा निळा. घोड्याला दोनच मूळ रंगांच्या आधारे दिसते. निळा आणि पिवळा त्याला वेगळे कळतात, पण लाल, केशरी आणि हिरवा यांत तो गल्लत करतो. माणसाला झगझगीत दिसणारा केशरी वासा हिरवळीवर त्याला जवळजवळ दिसेनासा होतो. ब्रिटनमधील अडथळ्यांच्या शर्यतींत याच कारणाने, घोड्यांच्या दृष्टीचा अभ्यास झाल्यानंतर, केशरी रंगाच्या जागी पांढरा आणला गेला. वाशावर एकसारखा रंग देण्यापेक्षा गडद आणि फिकट पट्टे दिले तर तो अधिक उठून दिसतो. याशिवाय, कडक उन्हातून गर्द सावलीत येताना घोड्याचे डोळे माणसापेक्षा सावकाश रुळतात, म्हणून अडथळा उन्हासावलीच्या सीमेवर मांडू नये.

१२. घोडा अडथळ्यासमोर अडून बसला तर पुढे ओढावे का? मागून हाकलावे का?

ओढू नये. सतत ओढ बसली की घोडा उलट दिशेला जोर लावतो, आणि जोराच्या लढाईत माणसाचा पाड लागत नाही. मागून काठी उगारली तर समोर संशयास्पद वस्तू आणि मागे नक्की धोका अशा पेचात तो सापडतो. त्यातून तो एक तर उडी मारतो किंवा उधळतो.

त्याऐवजी दोराला हलकीशी ओढ द्यावी आणि ती स्थिर धरावी. घोड्याने पाऊल टाकले नाही, नुसते वजन पुढे झुकवले, तरी त्याच क्षणी ओढ सोडावी. घोडा ओढीने शिकत नाही, ओढ सुटण्याने शिकतो, त्यामुळे सोडण्याचा क्षण चुकला तर धडाही चुकतो. तो वस्तूकडे पाहत, हुंगत असेल, तर तो काम करतोच आहे. त्याला वेळ द्यावा. मान ताठ, श्वास रोखलेला, डोळ्यांचे पांढरे दिसत आहेत, नाकपुड्या फुगल्या आहेत असे दिसले, तर जिथे तो सैल होईल तेवढे अंतर मागे घ्यावे आणि तेथून पुन्हा यावे. तो अंगावर येण्याआधी किंवा पळण्याआधी, तुमच्या सांगण्यावरून घेतलेली ही माघार हार नसते.

आपण स्वतः खांद्याच्या बाजूला, हातभर अंतरावर असावे. घोड्याच्या अगदी समोर उभे राहून त्याला पुलावर किंवा ताडपत्रीवर बोलावणे ही सर्वांत धोक्याची चूक आहे, कारण बुजलेला घोडा उडी मारतो तेव्हा तो मोकळ्या जागेकडे मारतो, आणि त्या क्षणी त्याच्यासमोरची मोकळी जागा म्हणजे तुम्हीच असता.

१३. घोडा अडत नाही, उलट प्रत्येक अडथळा धावत किंवा उडी मारून पार करतो. हे चांगलेच ना?

बहुधा नाही. घाई ही भीतीचीच दुसरी बाजू असते. त्याला तेथून लवकर सुटायचे असते. असा घोडा अडथळा ‘पार’ करतो खरा, पण प्रश्न १ मधील कसोटीवर तो उतरत नाही. त्याला पुलावर फक्त पुढचे दोन पाय ठेवू द्यावेत, थांबवावे, मागे घ्यावे आणि पुन्हा न्यावे. पायांची अशी मोजदाद सुरू झाली, म्हणजे एक पाय, दोन पाय, थांबा, एक पाय मागे, की घाई आपोआप ओसरते.

१४. काल शांतपणे ओलांडलेला पूल आज उलट दिशेने नेताच घोडा बुजला. तो विसरला का?

विसरला नाही. घोड्याच्या एका डोळ्याने पाहिलेले दुसऱ्याला कळत नाही, असे पूर्वापार सांगितले जाते, पण दोन्ही डोळ्यांची माहिती त्याच्या मेंदूत एकत्र येते हे प्रयोगांत दिसून आले आहे. खरी अडचण अशी की ओळखीची वस्तूसुद्धा वेगळ्या कोनातून पाहिली तर तिचा आकार त्याला नवा वाटू शकतो. त्यातच सावली बदललेली असते, शेजारचा शंकू हललेला असतो. म्हणून प्रत्येक अडथळा दोन्ही दिशांनी, तसेच तुम्ही डावीकडे आणि उजवीकडे असताना, असा चार प्रकारे शिकवायचा असतो. बहुतेक लोक फक्त डावीकडून चालतात. त्यांच्या घोड्यांना उजवीकडे आलेला माणूस हाच पहिला अडथळा वाटतो.

१५. वाशांच्या गल्लीतून मागे कसे न्यावे? काटकोनात वळताना घोडा वासे तुडवतो.

सरळ गल्लीतून आत जावे, अर्ध्यावर थांबावे आणि जितके आत गेलो तितकेच मागे यावे. हे पक्के झाल्यावर काटकोनी गल्ली मांडावी. तिची रुंदी आधी १.५ मीटर ठेवून पुढे हळूहळू ९० सेंटिमीटरपर्यंत आणावी. वळणावर लोक घोड्याचे डोके वळवतात आणि फसतात. वळायचे असते पुठ्ठ्यांना : पुठ्ठे उजवीकडे न्यायचे असतील तर नाक किंचित डावीकडे आणावे, एक पाऊल घ्यावे, थांबावे, पुन्हा एक पाऊल. एका दमात तीन पावले मागितली की वासा तुडवला जातोच.

१६. खाऊ द्यावा का?

द्यावा, पण घोडा तोंड खिशाकडे आणत असताना नव्हे. तो मान सरळ ठेवून उभा असेल तेव्हाच, हात लांब करून द्यावा. ताडपत्रीवर खाऊ पसरून आमिष दाखवणे मला पसंत नाही. लोभाने आत शिरलेला घोडा खाऊ संपताच भानावर येतो आणि मधोमध उभा राहून घाबरतो.

१७. रोज किती वेळ सराव करावा?

१५ ते २० मिनिटे पुरतात, तीही आठवड्यातून तीन-चार दिवस. घोड्याने अवघड गोष्ट पहिल्यांदा नीट केली की त्या दिवशी तेथेच थांबावे. ‘आणखी एकदा’ म्हणण्याचा मोह बहुतेक वेळा महागात पडतो. कामाआधी आणि नंतर चारही खूर उचलून पाहावेत, नाल सैल असेल तर त्या दिवशी अडथळे नकोत.

१८. टायर आणि डुगडुगणारा पूल वापरावा का?

मोकळ्या टायरात घोड्याला पाय ठेवायला लावू नये. खूर आतल्या कडेखाली अडकतो, आणि झिजलेल्या टायरातून पोलादी तारा बाहेर आलेल्या असतात. चांगला टायर मातीने ठासून भरला आणि वर जाड फळी पक्की बसवली, तर पुढचे पाय ठेवण्याचा उत्तम चौथरा होतो.

डुगडुगणारा पूल म्हणजे प्रश्न ८ मधील पुलाच्या मधोमध खाली आडवा वासा बसवलेला. तो वासा १० सेंटिमीटरपेक्षा उंच नसावा आणि खालून पक्का जोडलेला असावा, नाहीतर पूल सरकतो. पूल कलंडतो तेव्हा त्याच्या कडेखाली कुणाचे बोट किंवा खूर येणार नाही हे पाहावे. स्थिर पुलावर निवांत उभा राहणारा घोडाच यासाठी घ्यावा.

१९. पाण्याचा अडथळा करायचा आहे. खोली किती ठेवावी?

१० ते १५ सेंटिमीटर पुरते. पाण्याकडे पाहून घोड्याला खोलीचा अंदाज येत नाही, म्हणून तळ टणक आणि खरबरीत असावा, म्हणजे पहिल्याच पावलाला त्याची खात्री पटते. लांबी ३ मीटरपेक्षा कमी ठेवली तर घोडा उडी मारून मोकळा होतो. लहान मुलांच्या खेळण्यातले प्लास्टिकचे हौद खुराखाली तडकतात आणि त्यांना धार येते. ताडपत्रीची सवय असलेल्या घोड्यासाठी तिच्यावरच पाणी ओतणे सर्वांत सोपे आहे, मात्र निसरडेपणा तपासून घ्यावा.

२०. शिंगरू, म्हातारा घोडा, एका डोळ्याने आंधळा घोडा किंवा गाढव यांना हे चालते का?

चालते, पण प्रत्येकाचे पथ्य निराळे आहे. घोड्याच्या हाडांची वाढ पायांच्या खालच्या भागात लवकर, तर कण्यात पाच वर्षांच्या पुढे जाऊन पूर्ण होते. शिंगराला जमिनीवरचे वासे, ताडपत्री, गल्ली हे सारे चालीने करू द्यावे. उड्या, लहान वर्तुळात पळवणे आणि उंच चौथरे टाळावेत. त्याचा सराव पाच-सात मिनिटांचा असावा आणि शांत आई किंवा सोबती नजरेसमोर असावा.

सांधे आखडलेल्या घोड्याला जमिनीवरचे वासे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने उपयोगी पडतात, परंतु त्याला मागे चालणे आणि काटकोनी वळणे जड जातात; तो नकार देतो तेव्हा हट्टीपणा समजू नये. एका डोळ्याने न दिसणाऱ्या घोड्याच्या आंधळ्या बाजूने आपण चालावे आणि बोलत राहावे. त्याच्या अडथळ्यांची जागा वारंवार बदलू नये.

गाढव भ्यायले की बहुधा पळत नाही, जागीच खिळते. लोक त्याला हट्टी म्हणतात; खरे तर ते विचार करत असते. त्याला घोड्याच्या दुप्पट वेळ द्यावा.

२१. अडथळे मैदानात तसेच ठेवून घोड्याला मोकळे सोडले, तर तो आपोआप शिकेल ना?

भरीव चौथरा किंवा मातीत पक्का बसवलेला वासा ठेवायला हरकत नाही. ताडपत्री, पडदा आणि सुटे वासे मात्र लक्ष ठेवायला कोणी नसताना कधीही ठेवू नयेत. कंटाळलेला घोडा ताडपत्री दाताने ओढतो, चावतो, कधी गिळतोही.

२२. एवढी काळजी घेऊनही पाय अडकला किंवा ताडपत्री पायाला गुंडाळली गेली तर?

घोडा हलत असेपर्यंत त्याच्या पायांकडे झेप घेऊ नये. दोर सैल सोडावा, गरज पडली तर पूर्ण सोडून द्यावा, आणि घोडा थांबेपर्यंत बाजूला राहावे. तो थांबला की आधी मान-खांद्याला हात लावावा, मग खाली वाकावे. दोर किंवा कापड झटकन कापता येईल असा चाकू खिशात असावा आणि मैदानात दुसरा माणूस असावा. लहान मुले घोडा नेत असतील तर हा दुसरा माणूस प्रौढ आणि घोड्याचा जाणकारच हवा. जखम बारीक दिसली तरी ती सांध्याजवळ असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवावे.

अशा प्रसंगाची तयारी आधीच करता येते. मोकळ्या जागेत मऊ, जाड दोर घोड्याच्या पायाभोवती नुसता टेकवावा, त्याला गाठ मारू नये. हलकी ओढ द्यावी, आणि पाय दिला की सोडावे. हे शिकलेला घोडा पायाला काही अडकताच झटापट न करता थांबण्याची शक्यता बरीच वाढते.

२३. दोर काढून मोकळ्या घोड्याकडून हे करून घेता येईल का? याच्या स्पर्धा असतात का?

दोर सलग काही दिवस पूर्ण सैल राहिला असेल, तर बंदिस्त मैदानात तो काढून पाहावा आणि प्रश्न ६ मधील सोप्या अडथळ्यांपासून पुन्हा सुरुवात करावी. घोडा निघून गेला तर त्याच्यामागे धावू नये. दोरावरचे कोणते काम कच्चे राहिले, ते त्यावरून कळते.

स्पर्धा असतात. त्यांत माणूस घोड्याबरोबर पायी चालतो, आणि अडथळा कसा पार झाला याबरोबरच माणसाने घोड्याला कसे हाताळले यालाही गुण असतात. काही स्पर्धांत ठरवून दिलेली मांडणी आपल्याच मैदानात करून तिचे चित्रीकरण पाठवता येते. घरच्या मार्गावर सराव करणाऱ्यांसाठी ही सोय फार चांगली आहे, कारण घोड्याला प्रवासाचा आणि गर्दीचा ताण येत नाही. चित्रीकरणाचा आणखी एक फायदा असा, की आपण दोर किती वेळा विनाकारण ओढला हे नंतर स्वतःलाच पाहावे लागते.